जुने पथदीप काढून एलईडी बसवून घ्यायचे तर: बेळगाव आणि सीमाभागातल्या रहिवाशांसाठी

पथदीप बंद पडल्याची तक्रार आणि पथदीप बदलून देण्याची मागणी महापालिकेत वेगवेगळ्या टेबलांवर जातात. तक्रार लाईनमनकडे जाते. तो शिडी घेऊन येतो, बल्ब नाहीतर चोक बदलतो, तक्रार निकाली निघते आणि गल्लीत तोच पिवळा दिवा पुन्हा लागतो. मागणीला मात्र पाहणी, अंदाजपत्रक, निधी, टेंडर एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. ‘आमच्या गल्लीत अंधार आहे, दिव्यांची सोय करावी’ एवढाच मजकूर असलेला अर्ज पहिल्या टेबलावरच थांबतो. तो दुसऱ्या टेबलावर पोचवायचा असेल तर त्यासोबत खांबांची यादी लागते. खालचा बहुतेक मजकूर ही यादी कशी करायची याबद्दलच आहे. बाकीचं तिच्यामागून येतं.

दिवा कोणाचा, ते आधी ठरवा

एकाच रस्त्यावर तीन मालक असू शकतात. शहरातल्या बहुतेक गल्ल्यांत खांब आणि तारा हेस्कॉम या वीज कंपनीच्या, तर फिटिंग, ब्रॅकेट आणि वीजबिल महापालिकेचं. दिवा बदलायचा तर अर्ज महापालिकेला करायचा. खांब वाकला, तार लोंबकळली किंवा ट्रान्सफॉर्मरवरून पुरवठाच येत नाही, तर हेस्कॉमला, म्हणजे 1912 वर. हेस्कॉमच्या कार्यालयात ‘दिवे बदला’ म्हणून गेलात तर तिथून महापालिकेकडे बोट दाखवलं जाईल, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

कॅम्प भागात महापालिकेचा संबंध नाही. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, ते 2006 च्या छावणी कायद्याखाली चालतं, आणि अर्ज तिथल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. पुणे–बेंगळुरू महामार्गावरचे आणि त्याच्या सर्व्हिस रोडवरचे दिवे सहसा महामार्ग प्राधिकरणाच्या कंत्राटदाराकडे असतात, त्यासाठी 1033. बेळगाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं. त्या योजनेत झालेल्या रस्त्यांवर जमिनीखालची केबल आणि वेगळे खांब दिसतात. असा रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे का आणि देखभालीची मुदत शिल्लक आहे का, हे विद्युत विभागात विचारून घ्या. मुदत शिल्लक असेल तर काम मूळ कंत्राटदाराचं.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नव्या लेआउटमध्ये. बुडाची (बेळगाव नगर विकास प्राधिकरणाची) मंजुरी असलेला लेआउट महापालिकेच्या ताब्यात गेलाच नसेल, तर तिथल्या दिव्यांवर महापालिका खर्च करू शकत नाही. अशा वेळी हस्तांतराचं पत्र आहे का, हे आधी बुडाकडून कळवून घ्या. पत्र नसेल तर दिव्यांचा अर्ज बाजूला ठेवा, हस्तांतराचा अर्ज आधी करा.

येळ्ळूर, हिंडलगा, उचगाव, कडोली अशा गावांत जबाबदारी ग्रामपंचायतीची असते आणि अर्ज पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्यायचा. शिवाय ग्रामसभेत विषय मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्यायचा. निपाणीत नगरपालिका आहे, तिथे आयुक्त (पौरायुक्त), आणि खानापुरात नगरपंचायत आहे, तिथे मुख्याधिकारी.

खांबांची मोजणी

दोघेजण, एक वही, एक मोबाईल. एकदा दिवसा आणि एकदा रात्री साडेआठ–नऊनंतर फेरी मारा. दिवसा खांब आणि फिटिंग दिसते, रात्री उजेड.

दिवसाच्या फेरीत गल्लीच्या एका टोकापासून खांबांना 1, 2, 3 असे तुमचे क्रमांक द्या. खांबावर हेस्कॉमने रंगवलेला किंवा पत्र्यावर ठोकलेला क्रमांक दिसत असेल तर तो शेजारी लिहा. समोरच्या घराचा क्रमांक किंवा दुकानाची खूणही लिहा, कारण रंगवलेले आकडे पावसाने पुसलेले असतात. मग प्रत्येक खांबासाठी नोंदवा: खांब सिमेंटचा की लोखंडी, दिवा सोडियम, ट्यूबलाईट, सीएफएल की आधीच एलईडी, ब्रॅकेट सरळ आहे की वाकलेला, फिटिंगची काच आहे की नाही, झाडाच्या फांद्या दिव्याच्या खाली आल्या आहेत का, पुढच्या खांबापर्यंत पावलांनी अंतर किती. टिळकवाडीसारख्या झाडीच्या भागात फांद्यांची नोंद फार महत्त्वाची. तिथे निम्मा अंधार दिव्यामुळे नसून पानांमुळे असतो, आणि नवी एलईडी बसवली तरी ती पानांवरच पडते. अशा खांबांसाठी फांदी छाटणीची मागणी त्याच यादीत लिहा.

मान वर करून तारा मोजायलाही विसरू नका. तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा), एक न्यूट्रल (परतीची तार) आणि पथदीपांसाठी वेगळी पाचवी तार अशी जुनी रचना बऱ्याच गल्ल्यांत आहे. पाचवी तार असेल तर सगळी रांग एका पेटीतून चालू-बंद होते. ती नसेल आणि दिवे घरगुती फेजवरच जोडलेले असतील, तर कोणते दिवे दिवसाही जळतात ते नोंदवा. दिवसा जळणाऱ्या दिव्याचा फोटो, त्यावर तारीख-वेळ, हा तुमच्या अर्जातला सर्वात बोलका पुरावा असतो. ट्रान्सफॉर्मरजवळ पथदीपांच्या मीटरची पेटी सापडली तर तिच्यावरचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) लिहून घ्या. पेटी उघडू नका आणि खांबावर चढू नका. बंद दिसणाऱ्या दिव्यालाही त्या तारेतून पुरवठा चालू असू शकतो.

रात्रीच्या फेरीत दोन खांबांच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला, सर्वात अंधारी जागा शोधा. लक्समीटर (उजेड मोजण्याचं यंत्र, लक्स हे उजेडाचं एकक) मिळाला तर उत्तम. अभियांत्रिकी कॉलेजात शिकणारा कोणी गल्लीत असेल तर इलेक्ट्रिकल लॅबमधून तो मागता येतो. मोबाईलवरच्या लक्स ॲपचे आकडे अर्जात घालू नका. सेन्सर फोनागणिक वेगळा असतो, आणि अभियंत्याने तो एक आकडा खोडला की बाकीच्या यादीवरचा त्याचा विश्वासही जातो. मोजताना पौर्णिमेच्या आसपासची रात्र टाळा, आणि दुकानांचे दिवे बंद झाल्यावर मोजा.

किती उजेड मागायचा

आयएस 1944 या भारतीय मानकात रस्त्यांचे गट आहेत. वेगवान आणि दाट वाहतुकीच्या अतिमहत्त्वाच्या रस्त्यांसाठी सरासरी 30 लक्स, इतर मुख्य रस्त्यांसाठी 15, बऱ्यापैकी रहदारीच्या दुय्यम रस्त्यांसाठी 8 आणि कमी रहदारीच्या गल्ल्यांसाठी 4. खानापूर रोड किंवा कॉलेज रोड 15 च्या गटात धरता येतील, शहापूर-वडगावमधली आतली गल्ली 4 च्या, आणि तिथूनच बस किंवा भाजीचे टेंपो जात असतील तर 8 च्या. सरासरीइतकाच समानतेचा आकडा महत्त्वाचा. पहिल्या दोन गटांत सर्वात अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या किमान 0.4 पट, बाकीच्या दोन गटांत 0.3 पट असावा. खांबाखाली लखलखाट आणि मध्ये काळोख असेल तर दिवा कितीही वॅटचा असो, काम चुकलेलं आहे.

म्हणूनच अर्जात ‘100 वॅटचे दिवे द्या’ असं लिहू नये. सहा-सात मीटर उंचीच्या खांबावर, पाच मीटर रुंदीच्या गल्लीत 100 वॅटची एलईडी लावली की समोरच्या माडीवरच्या माणसाची झोप उडते, आणि महिन्याभरात त्याच्याच घरातून ‘दिवा काढा’ असा अर्ज जातो. साधारण अंदाज असा धरा: 40 वॅटच्या ट्यूबच्या जागी 18 ते 20 वॅट, 70 वॅट सोडियमच्या जागी 30 ते 35, 150 सोडियमच्या जागी 70 च्या आसपास, 250 सोडियमच्या जागी 110 ते 120. अरुंद गल्लीत पूर्वी 150 चा सोडियम लावला असेल तर तिथे 45 वॅटही पुरतात.

वॅटपेक्षा पुढच्या गोष्टींवर जोर द्या. फिटिंग आयपी66, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाऊ देणारी, असावी. खानापूर पट्ट्यातला पाऊस आणि बेळगावचा आडवा पाऊस यांत त्याखालच्या दर्जाची फिटिंग दुसऱ्या पावसाळ्यात आतून धुरकट होते. 10 किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक झटक्यांपासूनचं) असावं. पॉवर फॅक्टर 0.9 च्या वर, आणि प्रत्येक वॅटमागे किमान 100, शक्यतो 120 ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचं एकक). फिटिंग आयएस 10322 च्या पथदीपांच्या भागाप्रमाणे आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) बीआयएस नोंदणीचा असावा. रंगाबाबत आमचं मत स्पष्ट आहे: राहत्या गल्लीसाठी 4000 केल्विन (किंचित पिवळसर पांढरा) मागा. खरेदीत बहुतेकदा 5700 च्या आसपासचा पांढरा-निळसर प्रकाश येतो. तो डोळ्यांत जास्त चमकतो.

पैशाचा हिशेब

अभियंत्याला अंदाजपत्रक करताना आणि आयुक्तांना सही करताना हा हिशेब उपयोगी पडतो, म्हणून तो तयारच द्या. समजा गल्लीत 14 खांब आहेत, 9 वर 150 वॅटचे सोडियम, 5 वर ट्यूब. चोक धरून सोडियम सुमारे 170 वॅट खातो आणि जुनी ट्यूब सुमारे 50. एकूण 1780 वॅट. रात्री सरासरी साडेअकरा तास, म्हणजे वर्षाला सुमारे 4200 तास. वापर 7476 युनिट. बदल केल्यावर 9 वर 70 आणि 5 वर 20 वॅट, एकूण 730 वॅट, म्हणजे 3066 युनिट. वाचले 4410 युनिट. युनिटचा दर 7 रुपये धरला तर वर्षाला 30,870 रुपये. दर मात्र महापालिकेच्या पथदीपांच्या बिलावरचा घाला, घरच्या बिलावरचा नव्हे. पथदीपांचा वर्ग वेगळा आहे.

यात एक गोष्ट नेहमी सुटते. दिवे बदलल्यावर त्या आर.आर. नंबरचा मंजूर भार हेस्कॉमकडून कमी करून घ्यावा लागतो. नाहीतर युनिट कमी होतात, पण स्थिर आकार जुन्या भारावरच लागत राहतो. हे एक वाक्य अर्जात घाला. अर्ज जाणकाराने लिहिला आहे हे वाचणाऱ्याला त्यावरून कळतं.

अर्ज

अर्ज एका पानाचा, यादी वेगळ्या पानावर, फोटो तिसऱ्या. नव्या खांबांची मागणी याच अर्जात मिसळू नका. नवा खांब म्हणजे हेस्कॉमचं वेगळं अंदाजपत्रक आणि वेगळी रक्कम, आणि त्या दोन खांबांपायी चौदा दिवे अडकून पडतात. त्यासाठी दुसरा अर्ज करा. मजकूर साधारण असा:

‘प्रति, मा. आयुक्त, बेळगाव महानगरपालिका. विषय: वॉर्ड क्र. … मधील … गल्ली येथील 14 खांबांवरील सोडियम व ट्यूबलाईट काढून एलईडी पथदीप बसवण्याबाबत. महोदय, सदर गल्लीतील खांबनिहाय यादी सोबत जोडली आहे. पैकी … दिवे बंद, … दिवे दिवसाही चालू, … ठिकाणी ब्रॅकेट खराब आहेत. रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे सरासरी … लक्स उजेड अपेक्षित आहे. बदलामुळे होणाऱ्या वार्षिक वीजबचतीचा हिशेब जोडला आहे. विद्युत विभागामार्फत संयुक्त पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व पुढील अंदाजपत्रकीय तरतुदीत हे काम समाविष्ट करावे. काम झाल्यावर मंजूर वीजभार कमी करून घ्यावा. पाहणीचा दिवस कळवल्यास रहिवासी उपस्थित राहतील.’

सह्या पंचवीस-तीस पुरेत, पण प्रत्येकीपुढे घर क्रमांक हवा. शंभर सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा वॉर्डाच्या नगरसेवकाचं एक पत्र उपयोगी. महापालिकेत 58 वॉर्ड आहेत आणि निधीच्या वाटपात प्रत्येक नगरसेवक आपल्या वॉर्डाचं काम मांडत असतो. त्याला तुमची तयार यादी मिळाली तर त्याचं अर्धं काम होतं.

भाषेबद्दल थोडं. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, तेव्हा मराठी अर्ज स्वीकारत नाही असं कोणी म्हटलं तर या कलमाचा उल्लेख करून तो आवक शाखेत द्या. पण काम लवकर व्हायचं असेल तर सोबत कन्नड प्रत जोडा. फाईलवर शेरा कन्नडमध्ये पडतो, आणि कारकुनाला भाषांतर करावं लागलं की फाईल त्याच्या टेबलावर मुक्काम करते. हक्क सोडायचा नाही, दिवाही अडवायचा नाही. कन्नड प्रतीच्या विषयात ‘बीदी दीप’ (पथदीप) हे शब्द ठळक असू द्या. एक प्रत आयुक्तांना, एक विद्युत विभागाच्या अभियंत्यांना, एक नगरसेवकाला. तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक (बजेट) साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, तेव्हा अर्ज दिवाळीनंतर लगेच गेलेला बरा. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर ते दिवस धरू नका, अर्धी यंत्रणा त्यातच गुंतलेली असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामांचे आदेश थांबतात, दुरुस्ती मात्र चालू राहते. त्या काळात बंद दिव्यांच्या तक्रारी करत राहा, मागणीचा पाठपुरावा नंतर.

उत्तर आलं नाही तर

पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन विद्युत विभागात जा आणि एकच प्रश्न विचारा: पाहणी झाली का? ‘बघतो’ हे उत्तर नसून विलंब आहे. पाहणी झाली असेल तर अंदाजपत्रकाची फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. महिन्याभरात हालचाल नसेल तर राज्याच्या जनस्पंदन व्यवस्थेत 1902 वर नोंद करा आणि तो क्रमांक जपून ठेवा. नोंद ‘पथदीप बंद’ या सदरात गेली की बल्ब बदलून बंद केली जाते. म्हणून बोलताना ‘दिवे बदलण्याच्या प्रलंबित अर्जाबाबत, आवक क्रमांक अमुक’ असंच सांगा.

नंतर माहितीचा अधिकार. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. दोन पानी अर्ज परत येऊ शकतो. पहिल्या अर्जात तुमच्या आवक क्रमांकावर झालेली कार्यवाही आणि फाईलवरचे शेरे मागा. दुसऱ्या, वेगळ्या अर्जात शेवटच्या एलईडी खरेदीच्या टेंडरमधले तांत्रिक निकष, दर आणि वॉरंटीची मुदत मागा. दुसरं उत्तर फार कामाचं. ‘निधी नाही’ म्हणणाऱ्याला 14 दिव्यांची खरी किंमत त्यावरून दाखवता येते, आणि रक्कम लहान असेल तर आमदार निधीतून काम सुचवता येतं.

गाडी गल्लीत आल्यावर

काम सुरू होईल त्या दिवशी यादी घेऊन कोणीतरी हजर राहा. हेस्कॉमकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय कोणी खांबावर चढत असेल तर थांबवा.

जुन्या फिटिंगच्या जागी नवी अडकवली आणि जुनीच वायर ठेवली, हे सर्वात जास्त दिसतं. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर नुसती गुंडाळली की तो जोड पावसात गंजतो, ठिणग्या पडतात आणि दिवा लुकलुकू लागतो. योग्य कनेक्टर मागा. त्याहून वाईट म्हणजे सैल न्यूट्रल. न्यूट्रल तुटला की व्होल्टेज एकदम चढतं आणि एका रात्रीत पूर्ण रांगेचे ड्रायव्हर जळतात. सोडियमचा चोक असे झटके बऱ्यापैकी सोसायचा, एलईडीचा ड्रायव्हर सोसत नाही. रांगेतले चार-पाच नवे दिवे एकदम गेले तर दिवे हलके होते असं समजू नका. न्यूट्रल आणि अर्थिंग तपासायला सांगा, नाहीतर बदललेले दिवेही तसेच जातील.

गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवाची रोषणाई पथदीपाच्या तारेवर जोडली जाते. पूर्वी सोडियमच्या भारासाठी घातलेला फ्यूज एलईडीनंतरही तसाच राहिला तर तो हा जादा भार चालवून घेतो, आणि मग जोड वितळतात. मांडवासाठी हेस्कॉमकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या मार्गावर गल्ली असेल तर ब्रॅकेटची उंची आणि पुढे आलेली लांबी आधीच सांगून ठेवा.

फिटिंगचा कोन बघा. ती रस्त्याकडे, जवळजवळ आडवी हवी. वर उचललेली फिटिंग समोरच्या घरात उजेड टाकते. टायमर सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे आपोआप बदलणारा असेल तर बरा. साधा टायमर असेल तर वीज गेल्यावर त्याचं घड्याळ मागे पडतं आणि दिवे सकाळी आठपर्यंत जळत राहतात.

शेवटी प्रत्येक फिटिंगवर खांब क्रमांक आणि बसवल्याची तारीख न पुसणाऱ्या रंगाने लिहून घ्या, आणि फिटिंगच्या लेबलाचा फोटो काढा: वॅट, ल्युमेन, बॅच क्रमांक. यादीत 70 वॅट आणि खांबावर 45 असं निघालं तर बिल निघण्याआधीच अभियंत्याला लेखी कळवा, नंतर कोणी ऐकत नाही. काढलेल्या ट्यूब आणि सोडियमचे दिवे गटारीत किंवा कोपऱ्यात फोडू देऊ नका. ट्यूबमध्ये पारा असतो, सोडियमच्या दिव्यांतही बहुधा असतो. ते मोजून महापालिकेच्या स्टोअरला परत जायला हवेत, आणि किती परत गेले तो आकडा तुमच्या यादीच्या शेवटच्या ओळीत लिहा.